मध्यंतर झालंच नाही: स्पेनच्या नटीचा एक सिनेमा

नातीला ‘नाही’ म्हणायचं, एवढ्याच कामासाठी मी तिच्यासोबत वॉटफर्डहून लंडनला गेलो. तिला फार्मसी सोडून नाट्यशाळेत जायचं होतं. माझा मुलगा डॉक्टर, पण त्याचं ती ऐकेना. तो म्हणाला, "दादा, तुमचं ऐकेल. समजवा तिला."

नात म्हणाली, "आजोबा, आधी माझ्यासोबत एक फिल्म बघा. मग बोला." नदीकाठच्या थिएटरात स्पेनच्या एका नटीचे सिनेमे लागले होते. तिचं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून देत नाही.

सकाळी साडेनऊनंतर निघावं, दिवसभराचं तिकीट स्वस्त पडतं. फलाटावर लागलेल्या पहिल्याच गाडीत मी पाय ठेवला.

"नो, आजोबा! हा ट्रेन आपला नाही. रिलॅक्स!"

कसलं रिलॅक्स? गोळ्या, चष्मा, दशम्यांचा डबा, तीनदा तपासलं. लंडनच्या युस्टन स्टेशनपर्यंत वीसेक मिनिटं. तेवढ्यात तिने नटीची कारकीर्द सांगितली. विशीत देखण्या मुलींची कामं केली, मग ती सोडून लहान सिनेमांत आया, शिक्षिका, कामवाल्या बाया.

"म्हणजे उतरतीच लागली की."

"नाही हो! तिने चूज केलं ते."

तिथून भुयारी गाडीने वॉटर्लूला उतरून थोडं चालायचं. वारा बोचतो, कानटोपी न्या. कॉफी महाग. मी घेतलीच नाही, लघवीची भीती.

काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, मध्यंतरात बोलणार होतो. पण इथे मध्यंतर नसतंच! मी आपला दिवे लागायची वाट बघत बसलो.

माझं शिक्षण सातवी. खालच्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत निघून जात. शेवटी नुसतं तिच्याकडे बघत राहिलो. एसटीत कंडक्टर होतो, चेहरे वाचायची सवय. एका प्रसंगी तिचा मुलगा कायमचा परदेशी निघतो. ती रडत नाही, पाव कापत राहते. एक तुकडा जास्त कापला जातो. तो ती हळूच परत पावाला लावून ठेवते. बस्स.

माझा मुलगा इंग्लंडला निघाला तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "स्वेटर बॅगेत वर ठेवलास ना?" त्यात काय काय होतं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. या बाईला कसं कळलं?

बाहेर बाकावर नात म्हणाली, "आता बोला."

"खा आधी," मी म्हणालो.

घरी मुलाने दारातच विचारलं, "समजावलंत?"

"नाही. अरे, नाटक-सिनेमा म्हणजे नखरे नाहीत. काम आहे."

"आणि पोटाला काय खाणार ती?"

ती भीती मलाही आहे. आठवडा झाला, सिनेमाची गोष्ट अर्धी विसरलो, भीती तेवढीच आहे. काल सूनबाईने विचारलं, नाट्यशाळेची प्रवेशपरीक्षा लीड्सला आहे, सोबत कोण जाणार? मुलगा ताटातून मान वर करेना.

"मी जातो," म्हणालो. आणि लगेच विचारलं, गाडी कुठे बदलायची.