मास्तरांच्या मानेचं माप

मास्तरांच्या मानेवर गाठ आली आणि ती भराभर वाढणाऱ्या लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरची निघाली. त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ऐंशीला टेकले तरी हातातली कात्री सुटली नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या वयाला औषधाची पूर्ण मात्रा झेपायची नाही. कमी करून देऊ. त्यानेही पुष्कळांना गुण येतो."

मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले, "कापडच कमी दिलं तर कोट कसा व्हायचा? फार तर जाकीट होईल."

"जाकीट तर जाकीट. अंगावर काहीतरी असू दे."

तीही दुकानात शिवायची. बायकांचे कपडे, अगदी अंगाला चापून बसणारे. औषध सुरू व्हायच्या आधी तिने गाठीवरून टेप फिरवून त्यांच्या मानेचं माप घेतलं आणि भिंतीवर खडूने आकडा लिहून ठेवला. पुढची मापं मास्तर स्वतःच आरशासमोर उभे राहून घेऊ लागले.

दोन वेळा सलाइनमधून औषध दिलं. तोंडाची चव गेली, केस गेले, इतक्या वर्षांची मिशीही गेली. पण आकडा काही जागचा हलेना. तिसऱ्या वेळी बायकोबरोबर दवाखान्यात शिरल्या शिरल्या मास्तर म्हणाले, "बाई, आता पुरे. तुमचं औषध माझ्यावर फुकट चाललंय."

बाईंनी मान चाचपली. "अहो, गाठ निम्म्याहून कमी झालीय!"

"टेप खोटं बोलत नाही." मास्तरांनी खिशातला टेप काढून मानेभोवती घातला. "हे बघा."

बायको बघतच राहिली. "अहो, ही दोन बोटं कशाला घातलीत आत?"

"मग? कॉलरला ढिलाई नको? गिऱ्हाईक गुदमरेल!"

"गाठीला कसली कॉलर शिवताय? मी आवळून घेतलं होतं माप! काढा आधी ती बोटं!"

मास्तरांनी बोटं काढली, टेप आवळला. आकडा चांगलाच खाली घसरला. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आयुष्यभराची सवय," ते ओशाळून म्हणाले.

हसू आवरत बाई म्हणाल्या, "या वयात आजार परतूही शकतो, हमी मी देत नाही. पण आत्ता औषध लागू पडतंय. सोडू नका."

मास्तर बाही वर सारून सलाइनच्या खुर्चीत जाऊन बसले. नर्स जवळ आली तसे बायकोकडे न बघता पुटपुटले, "सकाळपासून उपाशी आहेस. जा, काहीतरी खाऊन ये."

"जाते. पण सुई कशी धरायची ते या नर्सबाईंना शिकवत बसू नका."