केबलची खंडेनवमी

आमच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये एक केबल दोन दिवस मुक्कामाला होती आणि तेवढा वेळ घरात कुणी मोठ्याने शिंकलंही नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तळोज्याच्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात, टेम्पररी होतो. भट्टीचं तापमान लांबच्या गार खोलीत बसून कळावं म्हणून परदेशातून फायबरची केबल आली होती. आत बारीक काच. तिच्यातून भट्टीचा उजेड मीटरपर्यंत जाणार! दसऱ्याच्या सुट्टीत तांब्याची तार समजून कुणी पळवू नये, म्हणून साहेबांनी ती माझ्या हवाली केली.

"नीट बसवलीत, की तुम्ही कायम," ते म्हणाले.

घरी येताच आईला आणि बायकोला, सुनंदाला, समोर बसवून मी नियम सांगितले. (तेव्हा माझा आवाज कीर्तनकारासारखा लागला होता, असं सुनंदा अजून सांगते.)

"वेटोळं लहान करायचं नाही. ओढायचं नाही. टोपण काढून टोकाला बोट लावायचं नाही. तुटलीच, तर काचेचं कुसळ बोटात जातं आणि दिसतही नाही!"

"अहो, मग श्वास तरी घ्यायचा ना?"

"टोकापासून लांब घ्या," मी गंभीरपणे म्हणालो.

रात्री केबल पलंगावर झोपली, आम्ही जमिनीवर.

खंडेनवमीला आंघोळ करून बाहेर येतो, तर पलंग रिकामा! केबल देवापुढे पाटावर, शेजारी माझी पक्कड. वर झेंडूचा हार, दोन्ही टोकांना हळदकुंकू!

"आई! अगं, काय केलंस हे?"

"आज हत्यारांची पूजा ना रे? जिच्यावर तुझी नोकरी, तिला तशीच ठेवू? आणि टोपणावरच लावलंय कुंकू. काचेला नाही शिवले."

खरंच होतं ते. वेटोळंसुद्धा तिने परातीएवढं ऐसपैस ठेवलं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. "सरक!" म्हणत मी केबल उचलली. एक फेरा समईत अडकलाय, हे दिसलंच नाही. मी जोरात हिसका दिला!

केबल एका जागी काटकोनात दुमडली आणि आतून 'टक्' असा आवाज आला. एका टोकाला बॅटरी धरली, दुसऱ्यासमोर कागद. कागदावर मिट्ट काळोख. आईने कुंकवाचा करंडा बंद केला आणि ती आत गेली. त्याचं मला फार वाईट वाटलं.

सुट्टी संपल्यावर साहेबांनी केबल हातात घेतली.

"टोपणांना कुंकू? घरच्यांनी तोडली का?"

"घरच्यांनी पूजा केली, साहेब. तोडली मी."

साहेबांनी मोडका भाग कापला, काचेचा कण न् कण चिकटपट्टीवर टिपला आणि नवं टोक घासून गुळगुळीत केलं. उजेड आला! मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण आता केबल गार खोलीपर्यंत पोचेना.

"आता हो, साहेब?"

"केबल वाढत नाही. टेबल सरकवा."

मीटरचं टेबल भट्टीजवळ गेलं, त्यामागोमाग माझी खुर्ची. साहेब शब्दाला जागले, मला कायम केलं. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले. पुढे कित्येक वर्षं मी तिथेच बसलो आणि मीटरकडे न बघता, नुसत्या घामावरून तापमान सांगायला शिकलो!