बारकू मिस्त्रींची चकचकीत जाळी

नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यांच्या रांगेत एका पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग करणाऱ्या बारकू मिस्त्रींचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं. ती म्हणजे गंज. माणसाशी भांडण झालं तर ते संध्याकाळपर्यंत विसरत. पण शेजाऱ्याच्या फाटकाची बिजागरी तांबूस दिसली की त्यांची जेवणावरची वासना उडे. सासुरवाडीला गेले, तरी चहाआधी विळ्याची मूठ उलटीपालटी करून बघत आणि सासऱ्यांकडे असा काही कटाक्ष टाकत, की म्हातारा उगाचच माफी मागे.

या वैरातलं त्यांचं शस्त्र म्हणजे तारेचा ब्रश. लाकडी मुठीत पोलादी तारांचे झुबके बसवलेला, कारखान्यातून घरी आलेला आणि परत न गेलेला. वेल्डिंगचा टाका मारला की त्यावर काळी खपली धरते. ती हातोडीने उडवायची, वरून ब्रश मारायचा, की टाका चांदीसारखा लखलखतो. उभ्या आयुष्यात मिस्त्रींनी हेच केलं. त्यामुळे लोखंड दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढेमागे व्हायला लागे. सायकलची रिम, बादलीची कडी, खिडकीचे गज, काहीच सुटलं नाही. एकदा भाकरीचा तवाही घासला. दुसऱ्या दिवशी भाकरीत तार निघाली. बायकोने, भागीबाईंनी, ती दोन बोटांत धरून त्यांच्यासमोर नाचवली. मिस्त्री म्हणाले, गिरणीतून पिठात आली असेल. भागीबाई गिरणीवाल्याला काही बोलल्या नाहीत. तवा मात्र तेव्हापासून डाळीच्या डब्यामागे लपवू लागल्या.

मिस्त्रींचा खरा मानबिंदू होता त्यांची शेगडी. अर्ध्या कापलेल्या ड्रमवर स्वतः वेल्डिंग करून बसवलेली गजांची जाळी, आणि तिच्यावर भाजलेली कोंबडी. कॉलनीत नाव होतं. कोंबडीपेक्षाही बघण्यासारखा असे तो जाळी साफ करण्याचा सोहळा. एक घाणा उतरला की जाळी तापलेली असतानाच मिस्त्री ब्रश घेत, खर्रखर्र घासत, वर एक फुंकर मारत आणि पाहुण्यांकडे असं बघत, की जणू गाभारा धुऊन पुजारी बाहेर आला आहे. ब्रशला एव्हाना टक्कल पडलं होतं. इतक्या तारा गेल्या कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. नवा ब्रश घ्यायला कोणी सुचवलं तर ते म्हणत, जुना हाताला बसलाय.

१९९९ सालचा आखाड. मोहिनीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच. श्रावण लागायच्या आत व्याह्यांना जेवायला बोलवायचं, ते दणक्यात. सटाण्याहून व्याही गोटीरामआप्पा, विहीण यशोदाबाई, जावई नवनाथ आणि मोहिनी जीपने नाशकात द्वारका चौकापर्यंत आले. मिस्त्री त्यांना घ्यायला गेले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मसाला मोहिनीने लावला, कोंबडी मिस्त्रींनी भाजली, आणि दोन घाण्यांच्या मध्ये तो खर्रखर्र सोहळा यथासांग पार पडला. आप्पा कांद्याचे मोठे शेतकरी. बाजारात भल्याभल्यांना दाद न देणारा माणूस, पण त्या जाळीवर भाळला. अशी आमच्या गल्लीत कोणाकडे नाही, म्हणाले. एवढं पुरे होतं. मिस्त्रींनी शेगडी, जाळी आणि वर ब्रशसुद्धा तिथल्या तिथे व्याह्यांना देऊन टाकला, आणि तापल्यावरच घासायची, असा मंत्रही दिला.

हात धुताना यशोदाबाई गळ्याला हात लावून म्हणाल्या, "गयामा काहीतरी टोचस."

हाड असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. उपचारही मिस्त्रींनीच सांगितला. कोरडी भाकरी न चावता गिळा, वर केळं खा, हाड खाली जातं. यशोदाबाईंनी व्याह्यांचा मान राखून भाकरी गिळली, केळं खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं तरी बरं वाटतंय म्हणाल्या. सकाळी मंडळी जीपच्या टपावर शेगडी बांधून सटाण्याला गेली.

आठवडा उलटायच्या आत त्याच जीपने परत आली. यशोदाबाईंना ताप भरला होता आणि थुंकीही गिळवत नव्हती. नाशिकच्या घशाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मग गुंगी देऊन दुर्बीण घातली आणि बाहेर येऊन चिमटा सगळ्यांसमोर धरला. त्यात हाड नव्हतं. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब, सरळ तार होती. घशात रुतली होती. वरून काहीबाही गिळल्यामुळे आणखी आत गेली होती. अजून थांबला असतात तर अवघड होतं, असं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, घरात भांडी कशाने घासता?

"तारेच्या घासणीने," मोहिनी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्या दिवशी भांडी तिनेच घासली होती. आप्पा वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, की पोरगी गुणाची आहे, पण विसळायची घाई करते. मोहिनीने मान खाली घातली.

मिस्त्रींनी तार बघितली होती. घासणीची तार चपटी असते आणि स्प्रिंगसारखी वळलेली. ही सरळ होती, गोल होती आणि टोकाला काळी पडली होती. जिच्यासारख्या लाखो तारा त्यांनी हाताळल्या होत्या, तिला ते ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार? त्यांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. आणि मिस्त्रींच्या तोंडून बाहेर पडलं, "चहा घेणार का सगळे?"

चहा आणायला ते स्वतः गेले. टपरीवर उभं राहून त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या, की कारखान्यात एवढ्या कोणी दिल्या असत्या तर संप झाला असता. पण कप घेऊन परतले तेव्हा विषय बदलला होता, आणि विषय बदललाय यात त्यांना बरं वाटलं. या बरं वाटण्याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी भागीबाईंनी विचारलं, भाकरीत निघाली होती तसलीच का हो ती? मिस्त्री म्हणाले, छे, ही वेगळी. आणि सायकलला तेल द्यायला बाहेर गेले. तेल सकाळीच दिलं होतं.

शेजारच्या गोरक्षच्या घरी फोन होता. त्यावर मोहिनी आईशी बोले. हसत हसतच सांगे, की आता तिला भांड्यांना हात लावू देत नाहीत. जाऊबाई घासतात आणि मोहिनीने पाण्याचा पेला जरी दिला तरी उजेडाकडे धरून बघतात. भागीबाई ते घरी येऊन सांगत, तेव्हा मिस्त्री अर्ध्या ताटावरून उठत. लेकीच्या नावावर त्यांनी आपला हलगर्जीपणा घातला होता आणि ती तो सासरी नांदवत होती. सकाळी ते ठरवत, आज फोन करायचा. संध्याकाळी वाटे, विहीणबाई बऱ्या झाल्यात, उगाच जखमेची खपली कशाला काढा.

मग आप्पांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. उद्या गटारी, गल्लीतली सगळी मंडळी बोलावली आहे, शेगडी सज्ज आहे, आणि तुम्ही शिकवलंय तस्संच, जाळी तापल्यावर ब्रश मारणार. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि गोरक्षच्या बायकोला विचारलं, सटाण्याची पहिली गाडी किती वाजता असते?

गाडीत त्यांनी पुष्कळ तालीम केली. एका भाषणात दोष ब्रश बनवणाऱ्याचा होता, दुसऱ्यात लोखंडाचा, तिसऱ्यात तर जवळजवळ कोंबडीचा. सटाणा आलं तेव्हा एकही भाषण आठवत नव्हतं. आप्पांच्या अंगणात निखारे फुलले होते, गल्लीतले पाचसात जण खाटांवर बसले होते, आणि आप्पा तापल्या जाळीवर ब्रश टेकवत होते. मिस्त्रींनी रामराम केला नाही, की चपला काढल्या नाहीत. पुढे होऊन व्याह्यांच्या हातातला ब्रश हिसकावून घेतला.

"आप्पा, ती तार ह्याची होती," ते म्हणाले. "पोरीने काही केलेलं नाही. मला दवाखान्यातच कळलं होतं, मी बोललो नाही."

मिस्त्रींनी ओलं फडकं फिरवल्यावर जाळीच्या कोपऱ्यातून आणखी दोन तारा निघाल्या; त्या त्यांनी तळहातावर धरल्या. फुंकरीने काजळी उडते, तार नाही उडत, असं काहीतरी ते पुटपुटले. आप्पांनी वाकून त्या तळहाताकडे बघितलं. मग कोणीतरी हसलं, म्हणालं, आप्पा, तुमच्या व्याह्यांनी भेट तर झकास दिली. त्या हसण्याने मिस्त्रींचे कान तापले. पण त्यांनी मान हलवली. बरोबरच होतं ते.

यशोदाबाई ओट्यावरून उतरल्या. आवाज अजून बसलेलाच होता. त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातला एक मोठा कांदा उचलला, मधोमध चिरला, सुरीच्या टोकाला खोचला आणि जाळीवर फिरवू लागल्या. चर्रर्र आवाज झाला, काजळी सुटत गेली. "कांदासना गावमा तारना बुरूस कसाले, भाऊ?" त्या म्हणाल्या. एवढंच. रागावल्या असत्या तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

मोहिनी मागच्या मोरीपाशी होती. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मी सांगितलं सगळ्यांना.

"ऐकलं मी, नाना."

"तुला कुणी काही म्हणणार नाही आता."

"मला माहीत होतं," मोहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी चिमट्यात धरली तेव्हाच. तुमच्याच घरात वाढलेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तुम्ही चहाचं विचारलंत, तेव्हा कळलं की आज नाही बोलणार. म्हटलं उद्या बोलतील. रोज उद्या म्हणत होते."

मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा गंजापेक्षा वाईट काहीतरी दिसलं, आणि ते घासून निघणारं नव्हतं. ते तिथेच खाली बसले. पुढ्यात सकाळच्या ताटांचा ढीग होता. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या, राख घेतली आणि एक ताट ओढलं. मुलीचा बाप, तिच्या सासरी, मोरीवर बसून खरकटं घासतोय. असलं काही त्या गल्लीने पाहिलं नव्हतं. जाऊबाई धावत आल्या, नवनाथ आला, दारात आप्पा येऊन उभे राहिले आणि अहो, अहो म्हणू लागले. मिस्त्रींनी वर बघितलं नाही. बघवत नव्हतंच.

"राहू द्या," मोहिनी सगळ्यांना म्हणाली. मग बापाशेजारी उकिडवी बसली आणि घासलेली ताटं एकेक करून विसळू लागली, सावकाश.