एका गालाची बुर्जी

कल्याण स्टेशनबाहेर दाढी करणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण माझं लग्न त्यांनी जवळजवळ मोडलं होतं. पन्नास सालाच्या सुमारास मी डोंबिवलीहून मुलगी बघायला आलेलो, तोंडावर आठवड्याची दाढी. एक गाल झाला आणि त्यांनी वस्तरा पुसून बुद्धिबळाचा पट पुढे ओढला. त्यांचा वजीर हरवलेला, त्याच्या जागी तुरटीचा खडा उभा होता.

"डावाचा निकाल लागला की दुसरा गाल," ते म्हणाले. ही त्यांची रीतच होती.

मी ऑफिसातला चॅम्पियन. हत्ती, घोडे, तुरटी, दिसेल ते मारत सुटलो. गिऱ्हाइकाला टॉवेल द्यावा तसं ते एकेक मोहरं शांतपणे माझ्या हवाली करत होते. शेवटी त्यांचा राजा एकटा उरला, तेव्हा मी मिशीवरून हात फिरवला.

"बुर्जी," ते म्हणाले. "राजा एकटा उरला की आमच्यात डाव बरोबरीत. पुन्हा मांडा."

"अहो, मुलीकडचे खोळंबलेत."

"मारण्यात रमलात शेट, मात द्यायची राहिली."

मी तसाच धावत सुटलो. मुलीच्या वडिलांनी नोकरी, पगार काही न विचारता माझे दोन्ही गाल आळीपाळीने न्याहाळले. तेही त्याच खुर्चीचं गिऱ्हाईक निघाले.

"बुर्जी झाली?"

मी मान खाली घालून हो म्हटलं.

ते आत वळून म्हणाले, "अगं, पोहे टाक. माणूस जिंकत होता."