गंगेवरचा आमचा घाट

गंगेवर माझा एक घाट आहे. सध्या दुरुस्तीला आलाय.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारला स्वतःचा फ्लॅट घेतला. पाठोपाठ हप्त्यांवर गाडी आली, आणि गाडी बघायला पुण्याहून सासरे आले. (मुलीला बघायला, असं ते म्हणत.) बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अप्पा आल्या दिवसापासून एकच पालुपद लावून होते, "जावईबापू, दिल्लीत राहून तुमच्यात मराठी असं काही उरलं नाही."

"बिल्कुल सही, आजोबा," आमच्या चिरंजीवांनी दुजोरा दिला. मला हे फार लागलं.

म्हणून नैनितालला जाताना गंगेकाठच्या एका जुन्या गावात मी मुद्दाम गाडी थांबवली. "अप्पा, हा घाट आपल्या मराठ्यांनी बांधला." आधार शून्य. पण उत्तरेत जुना घाट दिसला की तो आपणच बांधला असणार, हे मराठी माणसाला आतून कळतंच!

"कुणी?"

"सरदारांनी."

"कुठल्या?"

मी घाईने पायरीवर बसलेल्या पंड्याकडे वळलो. "पंडितजी, ये घाट हमारे लोगों ने बनवाया था ना?"

त्याने आधी मला, मग नव्या गाडीला न्याहाळलं. "बिल्कुल, साहब." आणि हाक दिली, "अरे सुनो, घाट बनवाने वाले आ गए!"

बघता बघता गाव जमलं. कुणाची पायरी डुगडुगत होती, कुणाची साखळी तुटली होती, शेवाळावरून कुणाची आई घसरली होती. अप्पांमधला इंजिनिअर जागा झाला. पँट दुमडून ते पायऱ्या ठोकून बघू लागले. "सब हो जाएगा. हमारे दामाद कर देंगे."

"अहो, खरं सांगून टाका," बायको कुजबुजली.

सासरा आणि अख्खं गाव, दोघांसमोर? मी दिवाळीनंतर काम सुरू करायचं कबूल केलं.

निघताना पंड्या खिडकीशी आला. "साहब, घाट तो यहीं के लाला के दादाजी का है. पर लाला सुनते नहीं. आप खुद अपना बता रहे थे, तो हमने सोचा, बनवाने दो."

आम्ही पूल ओलांडला. मग अप्पा म्हणाले, "चुकलं माझं, जावईबापू. पुरावा नसताना इतिहास सांगायचा आणि गळ्याशी आलं तरी माघार घ्यायची नाही. तुम्ही अस्सल मराठी आहात."

हवं होतं ते प्रमाणपत्र मिळालं. फक्त ते चारचौघांत दाखवता येत नाही.