दादानं पेठ बदलली
टीव्हीवर एखादा नावाजलेला खेळाडू जुना क्लब सोडून दुसऱ्या क्लबात गेला, की आमच्याकडे नवरा आणि दीर त्याला गद्दार ठरवून मोकळे होतात. मग मी विचारते, त्या क्लबानं आदल्या वर्षी त्याला कुठं बसवलं होतं ते आधी सांगा. ते चॅनल बदलतात. मला राग येतो, कारण आमच्या घरातून असा एक खेळाडू गेलेला आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या पेठेच्या तालमीकडून स्टॉपर खेळायचा, म्हणजे गोलासमोरची शेवटची भिंत. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्ती, गणपती आणि फुटबॉल, सगळं एकच घर. दादा दिवसभर उचगावच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असायचा आणि संध्याकाळी मैदानावर. त्याच्या पाठीमागं गोलात उभा असायचा तो आमच्या शेजारचा, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला अख्खी पेठ कीपरच म्हणायची, त्याची आईसुद्धा. उंच बॉल आला की कीपर मागून ओरडायचा, "सोड!" दादा तत्क्षणी मान खाली घालायचा आणि कीपर बॉल उचलायचा. गल्लीत चिंध्यांच्या चेंडूनं खेळत होते तेव्हापासून हे असंच. 'सोड' ऐकलं आणि दादानं सोडलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तालमीच्या कारभाऱ्यांनी बाहेरगावाहून एक स्टॉपर आणला. दादाला म्हणाले, "तू आपलाच हाईस की. बेंचवर बस. तुजा मान हाय." तो मान दादानं एक हंगाम सोसला. तिशीला आलेल्या स्टॉपरच्या पायात तशी वर्षं उरतात तरी किती! पुढच्या हंगामाच्या नोंदणीआधी पलीकडच्या पेठेनं विचारलं आणि तो गेला. माझं मत विचाराल तर त्यानं एक वर्ष आधीच जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना त्याला आमच्याच कट्ट्यावरून हाक आली, "काय पावणं, कुठल्या गावचं म्हणायचं?" जन्मापासून ओळखणारी माणसं ही! आमच्या वडिलांनी, आबांनी, कट्ट्यावर बसणं बंद केलं. आईला नळावर टोमणे ऐकावे लागले. एकटा कीपर पहिल्यासारखा यायचा आणि उंबऱ्यातूनच ओरडायचा, "काकू, च्या टाका की! ह्येनं पेठ बदललीया, तुमी न्हाय." त्या दिवसांत मला तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटायचा.

आणि त्याच वर्षी दोन्ही पेठा फायनलला समोरासमोर आल्या. मी आणि आबा गोलामागच्या गॅलरीत बसलो होतो. आमची पेठ एका गोलनं पुढं होती, सामना संपत आला होता आणि दादाच्या संघाला कॉर्नर मिळाला. उंच म्हणून दादा पुढं आला. बॉल नेमका त्याच्या कपाळावर येत होता. तेवढ्यात कीपर गोल सोडून पुढं धावला आणि सवयीनं ओरडला, "सोड!"

दादानं मान खाली घातली.

बॉल कीपरच्या हातात गेला. त्यानं तो छातीशी धरला आणि दादाकडे बघत राहिला. झालं काय ते त्या दोघांना आणि मला, तिघांनाच कळलं होतं.

सामना सुटल्यावर आमच्या पेठेच्या पोरांनी हलगी वाजवत दादालाच खांद्यावर घेतलं. "आपला त्यो आपला!" तो लाथा झाडत होता, शिव्या देत होता, रडत होता, पण कोण ऐकतंय? पलीकडची पेठ हे बघत होती. तिथल्या तिथं ठरलं, यानं सामना विकला. दुसऱ्या दिवशी कीपर एकटा त्यांच्या तालमीत गेला, चूक माझ्या ओरडण्याची, म्हणाला. ते हसले. "मानूस तुमचा, साक्ष बी तुमचीच."

एकदा ताट बाजूला सारत दादा मला म्हणाला, "इकला म्हणत्यात गं मला. उद्या माज्या पोराला शाळंत म्हणतील." मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

नोंदणी दोन हंगामांची होती म्हणून पुढच्या हंगामात पलीकडच्या पेठेनं त्याला ठेवला, पण बेंचवर. आमच्या पेठेशी सामना होता त्या दिवशी त्यांचा स्टॉपर लंगडत बाहेर आला आणि दुसरं कुणीच नव्हतं म्हणून दादाला उतरवला. गॅलरीतून ओरडा झाला, "आज किती घेतलंस रं?" आबांनी माझा हात धरला.

उत्तरार्धात पुन्हा कॉर्नर आला. पुन्हा दादा पुढं आला. या वेळी मी बॉलकडे बघितलंच नाही, कीपरकडे बघत होते. तो पुढं धावला, हात वर केला, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. हाकच आली नाही, तेव्हा त्याच्यापुढचा आमचा बाहेरगावचा स्टॉपर बॉलवर जावं की सोडावं अशा घोटाळ्यात जागीच थिजला. दादा उडाला. हेडर सरळ जाळ्यात.

पलीकडच्या पेठेनं दादाला खांद्यावर घेतलं. या वेळी त्यानं लाथा झाडल्या नाहीत. आणि आमच्या कट्ट्यावर रात्र पडेपर्यंत कीपरचा उद्धार चालला होता. "वराडला का न्हाईस? मिठाची गुळणी धरलीतीस व्हय तोंडात?" कीपर गळ्याला हात लावून नुसत्या खुणा करत होता. घसा बसलाय म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळ्याला मफलर गुंडाळून आमच्याकडे आला. दादा त्याच्या शेजारी बसला. आईनं चहा दिला. कीपरनं एक घोट घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडला, "काकू, साखर इसरलासा की!"

आईनं आधी धावत जाऊन दार लावलं, मग साखर आणली.