पाऊण तासाची पायवाट

माझी वहिनी एका पर्यटन कंपनीत सहलींचे आराखडे करायची. ऑफिसात तिला सगळे मुक्कामबाई म्हणत, कारण कमी दिवसांत जास्तीत जास्त मुक्काम बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सहा दिवसांत तीन बेटं, मधे एक जंगल, एक धबधबा, एक दिवस होडी वल्हवायची आणि शेवटी प्रवाळ बघत पोहायचं, असं सगळं ती एका कागदावर आणायची. विमान, बोट, जीप, नाश्ता, कुठे म्हणून फट दिसायची नाही. डोंगर चढणारे, पोहणारे, सायकलवाले हटकून तिच्याच टेबलाशी येत. "मॅडम, आम्हाला हॉटेलात लोळायचं नाहीये," असं कोणी म्हणालं की वहिनीचे डोळे चमकायचे.

ती स्वतः मात्र त्या बेटांवर कधी गेली नव्हती. खुर्चीत बसूनच तिने माणसं पाठवली. तिच्याकडे नकाशे होते, माहितीपत्रकं होती, परत आलेल्या लोकांची पत्रं होती. दादा, म्हणजे माझा भाऊ, तिला चिडवायचा, "हिला आपल्या गल्लीच्या टोकाचा दवाखाना सापडत नाही, पण विषुववृत्तावरचा बोटीचा धक्का विचारा!" तीही हसायची. मी वीजमीटर तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेला एकटा माणूस, त्यांच्याच घरात राहतो. त्यामुळे पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं.

एके दिवशी तिच्याकडे एक जोडपं आलं. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, बोलघेवडा. बायको पोहण्याच्या तलावावर शिकवणारी, तिला सगळे कोचबाई म्हणत. पन्नाशीची, पण चण अशी की तिशीतल्या पोरी मागे पडाव्यात. चष्मेवाल्यांना सगळंच हवं होतं. कोचबाई शांतपणे कागद वाचत होती. तिने एकदाच विचारलं, "चौथा दिवस जरा ओढाताणीचा नाही वाटत? सकाळी धबधबा आणि दुपारी बोट?"

"अजिबात काळजी करू नका," वहिनी म्हणाली. "पायवाट पाऊण तासाची आहे. मी सगळं बसवलंय."

चष्मेवाले खूश झाले. बायकोला म्हणाले, "बघ, मॅडमनी बसवलंय म्हणजे बसलंच."

तोपर्यंत ते 'बसवलंय' खोटं नव्हतं. बोट साडेचारची होती. पण ते निघायच्या दोन आठवडे आधी बोटवाल्यांचं पत्र आलं, की हंगाम बदलल्यामुळे ती बोट आता दोनला सुटेल. वहिनीने चौथा दिवस पुन्हा मांडला. जंगलाचं फाटक साडेनऊला उघडतं. तिथून धबधबा पाऊण तास, वर थांबायला दीड तास, पाऊण तासात उतरून जीपने एक तासात बोटीचा धक्का. कागदावर सगळं बसत होतं. फक्त तिच्या ड्रॉवरमध्ये मागच्या वर्षी जाऊन आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं, की पायवाट सांगितल्यापेक्षा बरीच लांब आहे, म्हाताऱ्यांना नीट कल्पना द्या. वहिनीने ते पत्र बाहेर काढलं, वाचलं आणि परत आत ठेवलं. शिक्षक सत्तरीचे होते, हे जोडपं काटक आहे, असं तिने स्वतःला समजावलं. धबधबा काढून टाकला असता तर आराखड्याची शानच गेली असती. बोटीची वेळ तेवढी बदलून तिने नवा कागद पाठवून दिला.

कोचबाई चौथ्या दिवशी पडली. उतरताना, ओल्या मुळांवरून. पाय मुळात अडकला आणि शरीर पुढे गेलं. गुडघ्याच्या आतलं सगळं फाटलं. जंगलातल्या रखवालदारांनी तिला स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. दोन दिवस बेटावरच्या लहानशा दवाखान्यात, मग घरी, मग ऑपरेशन. निदान सहा महिने पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

हे वहिनीला चष्मेवाल्यांच्या फोनवरून कळलं. ते तक्रार करायला फोन करत नव्हते, हेच तर वाईट होतं.

"मॅडम, तुमचा प्लॅन झकास होता हो," ते म्हणाले. "मीच माती केली. फोटो काढत रेंगाळलो, मग वरून उतरताना हिच्या मागे लागलो, चल, चल, बोट जाईल. ती म्हणत होती, सावकाश. मी ऐकलं नाही."

आणि वहिनी म्हणाली, "असू द्या हो. होतं असं."

अपघाताहूनही त्या शब्दांचीच तिला जास्त लाज वाटली, असं तिने मला नंतर सांगितलं. "भाऊजी," ती म्हणाली, "मी त्या माणसाला माफ केलं. मी! त्याला!"

पण हे सांगायला तिला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत आमच्या घराची रया गेली. ती बोलेनाशी झाली. आमटी करपायची, दूध उतू जायचं, कोणी काही म्हटलं की अंगावर यायची. ऑफिसात ती प्रत्येक आराखड्यात एकेक मोकळा दिवस घालू लागली. साहेब म्हणाले, "बाई, लोक आपल्याकडे झोपायला येतात का?" दादाला वाटलं, वयाचं काहीतरी असेल, डॉक्टरकडे नेऊ या.

एका रविवारी दादा दुकानात गेला असताना आम्ही दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होतो. तिने एका उशीच्या अभ्र्याची चार वेळा घडी घातली आणि चार वेळा मोडली. मग सगळं सांगून टाकलं. शिक्षकांचं पत्र, बोटवाल्यांचं पत्र, तो फोन.

मी तिची समजूत घालायला गेलो. "वहिनी, ओल्या मुळावरून कोणीही घसरतं. तुम्ही का तिला ढकललंत?"

"ढकलायला तिथे जावं लागतं का?" ती म्हणाली. "मी पाऊण तास लिहिलं."

"पण कदाचित पाऊण तासच असेल."

तिने अभ्र्याची घडी पुन्हा मोडली. त्या 'कदाचित'ला तीही तीन महिने धरून बसली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आठवडाभराने तिने जाहीर केलं, की ती वाट आपण स्वतः चालून बघणार. दादाला गुडघेदुखी, तो म्हणाला, "भाऊजींना घेऊन जा. आयुष्यभर घरोघरचे जिने चढलाय तो."

आम्ही गेलो. विमानात तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. धबधब्याच्या बेटावर उतरलो तेव्हा हवा अशी दमट, की शर्ट अंगाला चिकटून बसला. सकाळी साडेनऊला फाटक उघडलं आणि वहिनी नवे बूट घालून चालू लागली. ठरल्याप्रमाणे आम्ही ना रेंगाळलो, ना फोटो काढले.

पाऊण तासाने झाडी मोकळी झाली. लाकडी सज्जा होता, तिथून दूरवर पाण्याची एक पांढरी रेघ दिसत होती. पाटी होती: 'धबधब्याचे दर्शन'. माहितीपत्रकातला पाऊण तास तो इथपर्यंतचाच. धबधब्यापाशी जायची वाट तिथून पुढे होती. वहिनीने पाटी वाचली, कठड्याला हात टेकला आणि म्हणाली, "चला."

पुढचा रस्ता नुसता मुळांचा होता. हाताच्या मनगटाएवढी जाड, गुळगुळीत, शेवाळलेली मुळं, आणि मधे लालसर चिखल. धापा टाकत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

धबधबा सुंदर होता, हे सांगायलाच हवं. खाली हिरवंगार पाणी, तुषारांनी भिजलेले मोठाले नेचे, चेहऱ्यावर गार वारा. या जागेचं वर्णन वहिनीने शेकडो कागदांवर केलं होतं. तिने बूट काढून पाय पाण्यात सोडले. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर लहान मुलीसारखा आनंद आला. मग तिला काय आठवलं ते मला कळलं, कारण तिने झटक्यात पाय बाहेर काढले आणि ओल्या पायांवरच मोजे चढवले.

उतरताना ती एकदा घसरली. मी दंड धरला म्हणून वाचली. खाली यायला सव्वा तास लागला, तोही कोणी "चल, चल" म्हणत नसताना. फाटकापाशी ती म्हणाली, परतल्यावर कोचबाईच्या घरी जाऊन सांगणार. मी म्हणालो, "आता कळलं ना? पुढच्या लोकांना नीट सांगा. पण त्या घरात जाऊन कशाला जखम उकरायची? त्यांची तक्रारच नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

परतल्यावर चौथ्या दिवशी आम्ही कोचबाईच्या घरी गेलो. पहिला मजला. दारामागे वॉकर, खुर्चीच्या पायाला व्यायामाचे रबरी पट्टे बांधलेले. कोचबाई पाय स्टुलावर ठेवून बसली होती. अंगाने वाळली होती. चष्मेवाले स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. त्यांचं ते बोलकेपण कुठे गेलं होतं कोण जाणे. बायकोच्या पाठीशी उशी सरकवताना, कप देताना, सारखे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मार खाल्लेल्या माणसासारखे.

वहिनीने चहाला हात लावला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. बोटीची बदललेली वेळ, ड्रॉवरमधलं पत्र, आणि स्वतः चालून लागलेला वेळ. शेवटी म्हणाली, "बोट मी लावली होती. वाट मी आखडली होती. तुमच्या मिस्टरांनी घाई केली ती माझ्या कागदामुळे."

चष्मेवाले सावकाश खाली बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. म्हणाले, "म्हणजे... आम्ही हळू चालत नव्हतो?"

"नाही हो," वहिनी म्हणाली.

"मी रोज म्हणतोय, मी हळू चाललो, मी हळू चाललो." मग डोळे पुसत लगेच म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. माणूस आहे, चुकतो."

"तुम्ही जाऊ द्या म्हणू नका," कोचबाई म्हणाली. "गुडघा माझा आहे."

मग ती वहिनीकडे वळली. "मी वरच म्हटलं होतं, वेळ चुकीची लिहिलीय. हे म्हणाले, मॅडमनी लिहिलंय म्हणजे आपणच हळू. तुम्ही फोनवर यांना काय म्हणालात? होतं असं. हे घरी येऊन मला सांगत होते, मॅडम किती चांगल्या, काही मनाला लावून घेतलं नाही त्यांनी. साडेतीन महिने हा माणूस माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवत नाही. गुडघा गेला त्याचं एक वेळ ठीक. पण हे तुम्ही बघत बसलात."

"हो," वहिनी म्हणाली. "बघत बसले."

"मी तुम्हाला माफ केलंय असं समजून जाऊ नका."

"नाही समजणार."

"पण आलात ते बरं झालं," कोचबाई नवऱ्याकडे बघत म्हणाली. "यांच्यासाठी."

आम्ही निघालो तेव्हा चष्मेवाले जिन्यापर्यंत सोडायला आले. नुसते हात जोडले. खाली रस्त्यावर येऊन वहिनी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मी शेजारी उभा राहिलो. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की तिला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांनाही सांगितलं. साहेब भडकले, ते चुकीबद्दल कमी आणि ग्राहकाच्या घरी जाऊन कबूल केल्याबद्दल जास्त. तिला आराखड्यांवरून काढून अर्ज तपासायच्या खिडकीवर बसवलं. टेबल सोडायच्या आधी तिने, ज्यांच्या आराखड्यात तो धबधबा होता त्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून खरी वेळ सांगितली. वर्षभराने साहेब म्हणाले, "बाई, झालं गेलं, या परत टेबलावर." ती म्हणाली, ज्या वाटा मी चाललेय त्याच लिहीन. साहेब हसले, आणि ती निवृत्त होईपर्यंत खिडकीवरच राहिली.

आमच्या शेजारणीला कंबरेसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. ती त्याच तलावावर जायची. कोचबाई सातव्या महिन्यात तिथे परतली, पण काठावर खुर्ची टाकून शिकवायची. वहिनी शेजारणीला रोज काही ना काही निमित्ताने गाठायची, कधी कोथिंबीर देऊन, कधी वर्तमानपत्र मागायला जाऊन, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायची, "बाई उतरल्या का पाण्यात?" शेजारीण म्हणायची, नाही बाई, काठावरच. असे पाच-सहा महिने गेले. तेव्हा शेजारणीला वाटायचं, हिला पोहायला यायचंय पण धीर होत नाही.

मग एकदा शेजारीण ओल्या केसांनी दारातच थांबली आणि म्हणाली, "अहो, आज उतरल्या. एक फेरी मारली, हळूहळू."

"दुखत होतं का त्यांना?" वहिनीने विचारलं.

"दुखत असेल. चेहऱ्यावरून वाटलं तसं."

वहिनी "बरं" म्हणाली. आत येऊन तिने अर्धवट चिरलेली भाजी पुढे ओढली आणि चिरत राहिली.